चोवीस तासांची बरणी

नहलाने ती बरणी लांबूनच ओळखली. न ओळखून करते काय बिचारी... पाच लिटरची, दुधी प्लास्टिकची, नारिंगी झाकणाची, आणि पोटावर तिच्याच अक्षरातली सूचनांची चिठ्ठी. कैरोतली सकाळची मायक्रोबस, चौदा जणांच्या जागेत सतरा जण कोंबलेले, आणि त्यातून वाट काढत एक उंच, रुंद खांद्यांचा तरुण ती बरणी तान्ह्या बाळासारखी छातीशी धरून नेमका तिच्या शेजारी येऊन बसला.

बाहेर बारीक पाऊस भुरभुरत होता. काचा धुरकटल्या होत्या, भाड्याची नाणी हातोहात पुढे सरकत होती. मागच्या बाकावरच्या एका आजीबाईंनी मान पुढे काढली.

“जैतुनाचं का रे, बाळा?”

“काय आजी?”

“तेल रे. रंग बघ कसा सुरेख आहे. गावाकडचं दिसतंय.”

तरुणाने बरणीकडे पाहिलं, आजीबाईंकडे पाहिलं आणि एक खोल श्वास घेतला. “हो आजी. घरचंच आहे.”

“मग बाटलीभर देशील? पैसे देते, फुकट नको.”

“देवाशपथ, दिलं असतं... पण हे आधीच बोललेलं आहे. एका डॉक्टरीणबाईंना.”

“एवढ्या तेलाचं करते काय ती?”

“तेच तर मला कळत नाहीये.”

नहला ओठ दाबून खिडकीबाहेर बघत होती. पण हसू आणि शिंक कुणाला आवरलीय? “त्या डॉक्टरीणबाईंना सगळंच्या सगळं लागतं म्हणे,” ती खिडकीलाच सांगितल्यासारखं म्हणाली. “एक थेंब कमी भरला तरी परत पाठवतात.”

त्याची मान गर्रकन वळली. एक क्षण तो तिच्याकडे बघतच राहिला. मग आधी कान लाल झाले, मग मान... आणि बस थांब्यावर थांबली तेव्हा नहला पदपथावर उतरून एकटीच हसत सुटली.

तासाभराने पांढरा कोट चढवून ती खिडकीशी बसली, तर रांगेत तिसरा तोच.

“म्हणजे त्या डॉक्टरीणबाई तुम्ही,” तो म्हणाला.

“आणि ते तेल तुमचं. नाव?”

“बासेम. तांबट आळीतला. शैमाचा भाऊ.”

नहलाचं हसू तिथेच विरलं. शैमा तिला चांगलीच ठाऊक होती.

ही खिडकी होती यकृताच्या संशोधन केंद्राची, आणि नहलाचं काम होतं चोवीस तासांच्या लघवीवरून माणसाच्या अंगातलं तांबं मोजायचं. आपल्या रोजच्या अन्नात कणभर तांबं असतंच. यकृत हवं तेवढं ठेवतं, उरलेलं बाहेर टाकतं. काही घराण्यांत मात्र जन्मापासूनच यकृताला ही झाडलोट जमत नाही. मग तांबं साठत जातं... आधी यकृतात, मग मेंदूत. हात थरथरायला लागतात, जीभ जड होते, माणूस हसायच्या जागी रडतो. शैमाचं तसंच झालं होतं. पोर आता एकोणीस वर्षांची. दुखणं सुरू झालं तेव्हा घरच्यांनी आधी दृष्ट काढली, मग मंत्र घालणाऱ्या शेखकडे नेलं, मग ढोल वाजवून अंगातलं काढून पाहिलं. काढायचं होतं ते तांबं, ते ढोलाने कुठलं निघतंय? चार वर्षांनी खरं दुखणं सापडलं, तेव्हा तिला पाण्याचा पेलासुद्धा धरवत नव्हता. आता गोळ्यांनी जरा बरी होती. जरा.

आणि केंद्राचे प्रमुख लुत्फीसर यांचा नियम पक्का होता: एका घरात एक सापडला की सगळी सख्खी भावंडं तपासायची. चारांत एकाला असण्याची शक्यता. वेळेत सापडला तर गोळ्या घेत म्हातारा होईल. नाही सापडला तर... सर हे वाक्य कधी पुरं करत नसत. शैमाला भाऊ एकच होता.

“सकाळचं पहिलं टाकून दिलं होतं ना?” नहलाने विचारलं.

“हो.”

“आणि मग दुसऱ्या सकाळपर्यंतचं सगळं?”

“सगळं. तुम्ही हे प्रत्येकाला विचारता?”

“प्रत्येकाला.”

“अरेरे... मला वाटलं, मीच खास आहे.”

ती मान वर करून त्याच्या डोळ्यांत बघू लागली. सवयच होती तिला ती. तो जरा अवघडला. “काय बघताय?”

“बुबुळाच्या कडेला तांब्याचं कडं दिसतं का ते. पण ते नुसत्या डोळ्यांनी नीट दिसत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांचा दिवा लागतो.”

“मग दिवा नसताना एवढा वेळ काय बघताय?”

नहलाने खाली मान घालून पावती लिहिली. क्रमांक दोनदा चुकला.

चौथ्या दिवशी यंत्राने आकडा दिला: दोन हजार तीनशे. निरोगी माणसाचा आकडा चाळीसच्या आत असतो, शंभराच्या वर गेला की काळजी. शैमाचा, अगदी वाईट दिवसांत, तीनशे ऐंशी होता.

लुत्फीसरांनी चष्मा कपाळावर सरकवला. “हा माणूस आहे की हंडा? एवढं तांबं पोटात घेऊन कुणी मायक्रोबसने येत नाही. बाहेरून शिरलंय. काय घोळ घातलाय ते विचार आणि नवी बरणी पाठवून दे.”

बरणी पाठवायला केंद्रात शिपाई होता. तो रजेवर नव्हता, आजारी नव्हता. तरी नहला स्वतःच गेली.

तांबट आळीत कानठळ्या बसत होत्या. रमजान दीड महिन्यावर आलेला, शहरभरच्या खानावळींचे घेवडा शिजवायचे लांब मानेचे हंडे कल्हईला आलेले. बासेम भात्यापाशी उकिडवा बसला होता. तिला पाहून उठताना त्याने कपाळावरची काजळी पुसायला हात नेला आणि होती त्याहून जास्त फासून घेतली.

“किती आलं?” त्याने विचारलं. आवाज हलका होता, नजर मुळीच हलकी नव्हती.

“आधी सांगा, कसं गोळा केलंत?”

“सांगितलं तसंच.” तो घुटमळला. “म्हणजे... चार दुकानांत मिळून एकच मोरी आहे इथे. ती एवढी बरणी काखेत मारून आत जायचं म्हणजे सगळ्या आळीसमोर वरातच की. म्हणून मी आपला डबा न्यायचो. आणि मग माळ्यावर जाऊन बरणीत ओतायचो.”

“कसला डबा?”

त्याने मान खाली घातली. तिने फळीकडे पाहिलं. फळीवर ओळीने सात डबे, सातही तांब्याचे, लखलखीत.

“घाण नव्हता हो,” तो घाईने म्हणाला. “चांगला घासून घेतला होता. लिंबू-मीठ लावून.”

तांब्याच्या डब्याला लिंबू! नहलाने कपाळावर हात मारून घेतला आणि मग अशी हसली, की शेजारच्या दोन दुकानांतले ठोके थांबले. लिंबाने सुटलेलं तांबं थेट बरणीत उतरलं होतं. तिने ते समजावून सांगितलं तसा त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, खांदे सैलावले, आणि तोही हसायला लागला. “म्हणजे मला काही नाही.”

“म्हणजे काहीच कळलेलं नाही,” नहला म्हणाली. “ही नवी बरणी. या वेळी धातू लावायचा नाही, आणि त्या दिवशी कामावर बसायचं नाही. हाताला लागलेलंही चालत नाही.”

“दुकान बंद? हंगामात?”

“शुक्रवारी करा.”

“करतो की,” तो म्हणाला, आणि पुदिन्याचा चहा मागवला.

शुक्रवार आला, गेला. दुसरा आला, तोही गेला. बरणी काही येईना. बासेम मात्र दर मंगळवारी न चुकता यायचा, शैमाचा दंड धरून, तिच्या पावलाने पाऊल टाकत. एकदा त्याने कागदात गुंडाळून कॉफीची किटली आणली. इवलीशी, लांब दांड्याची, अंगभर मठारलेली.

“तुमच्यासाठी. स्वतः घडवलीय.”

नहलाचा जीव किटलीत अडकला, पण हात मागेच राहिले. “तांबं आत न्यायचं नाही. माझ्या खोलीत तांब्याचं बटणसुद्धा चालत नाही.”

“मग मी कसा चालतो?”

“तुम्ही तरी कुठे चालताय? खिडकीच्या बाहेरच उभे आहात.”

शेवटी किटली फाटकावरच्या राखणदाराकडे राहिली. आणि काय योगायोग पाहा, दर मंगळवारी अकरा वाजता नहलाला फाटकावरची कॉफी प्यायची हुक्की येऊ लागली. शैमा आत सुईची वाट बघत बसलेली, आणि हे दोघं बाहेर भिंतीला टेकून. फाटकासमोर कलेजीच्या सँडविचची गाडी होती. यकृताच्या केंद्रासमोर कलेजीची गाडी. आतले सगळे डॉक्टर तिथेच जेवायचे. बासेमने एकदा सँडविच घेतलं तर नहलाने ते त्याच्या तोंडाजवळून काढून घेतलं.

“कलेजीत तांबं असतं. शैमाला बंद आहे. बरणी येईपर्यंत तुम्हालाही.”

“बरणी, बरणी... तुम्हाला माझ्याशी बोलायचं असतं की बरणीशी?”

“बरणी निदान खरं बोलते.”

तो हसला नाही. मग एका दमात म्हणाला, “या शुक्रवारी नमाज झाल्यावर आईला घेऊन तुमच्या घरी येऊ? तुमच्या वडिलांना भेटायला.”

सरळ सांगायचं तर नहलाचं त्याच्यावर प्रेम बसलं होतं. मंगळवारची वाट ती रविवारपासून बघायची. हो हा शब्द अगदी ओठांवर होता. पण तिच्या तोंडून निघालं, “आधी बरणी.”

“ते लिंबाचं तांबं होतं. तुम्हीच म्हणालात.”

“होतं ते लिंबाचं. तुमचं किती, ते अजून कुणालाच माहीत नाही.”

“बरं,” बासेम म्हणाला. त्याचा आवाज उतरला. “समजा, बरणी उलटी बोलली. तर दार उघडाल?”

आता इथे बोलायला हवं होतं. पण नहलाच्या डोळ्यांपुढे शैमा आली, हनुवटीवरून ओघळणारं पाणी, तिच्या आईच्या ओढणीचा सदा भिजलेला पदर... आणि जीभ टाळूला चिकटली. फार नाही, चार-पाच क्षण. पण प्रेमात चार क्षणांचं गप्प राहणंसुद्धा ऐकू येतं.

“कळलं,” तो म्हणाला, आणि पेला राखणदाराच्या टेबलावर ठेवून निघून गेला.

पुढच्या मंगळवारी शैमाला घेऊन आई आली. उम्म बासेम, म्हणजे बासेमची आई, थकलेली, काळ्या झग्यातली बाई. “हंगाम आहे ना पोरी, त्याला सवड नाही,” ती म्हणाली. नहला शैमाच्या दंडाला पट्टा बांधत होती. शैमाने तिचा कोट पकडला. तिला एकेक शब्द आतून ओढून काढावा लागायचा.

“भाऊ... आता... कोरत नाही.”

“काय?”

“काही नाही,” आई म्हणाली. “तबकांवर नक्षी करायचा तो. अक्षरं, वेलबुट्टी. आता कामच एवढं येतं, की कोरायचं शेजारी देतो.”

शैमाने मान हलवली. स्वतःचा थरथरता हात वर धरला, दुसऱ्या हाताने तो घट्ट आवळून थरथर कमी केली, आणि नहलाला दाखवला. “असा. भाऊचा. थोडा.”

मग उम्म बासेम खाली बसली आणि ओढणीचा पदर तोंडाला लावून रडू लागली. “मी आणि यांचे वडील सख्खे चुलत. सगळे म्हणाले, घरची लेक घरात राहील. राहिली... घरचं दुखणंही घरातच राहिलं. आणि लोक म्हणतात, तांब्याचा धंदा बाधला.”

“धंद्याचा काही दोष नाही, खाला,” नहला म्हणाली. “आणि तुमचाही नाही. तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.”

त्या दुपारी ती लुत्फीसरांसमोर बाही वर करून उभी राहिली. “सर, माझंही रक्त लावा. हा दोष माझ्यात वाहतोय का ते बघायला.”

आई आणि बाप दोघांतही दोष असला तरच पोराला हे दुखणं होतं, हे तिला सरांनीच शिकवलेलं. सरांनी चष्म्यावरून पाहिलं. “तुमच्या घरात कुणाला आहे का?”

“नाही.”

“मग?”

नहला फरशीकडे बघत म्हणाली, “घरात यायची शक्यता आहे.”

सरांनी खण उघडला. मग त्यांनी स्वतःच्या हाताने फॉर्म भरला. “तीन आठवडे लागतील,” एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती तांबट आळीत गेली. काखेत बरणी, पिशवीत नाही, सगळ्यांना दिसेल अशी. बासेम हंडा ठोकत होता. तिला पाहूनही ठोकतच राहिला.

“तबक हवंय,” ती म्हणाली. “नाव कोरून.”

“कुणाचं?”

“माझं.”

“शेजारचा शाकिर छान कोरतो. त्याला सांगतो.”

“मला तुमच्या हातचं हवंय. आत्ता. मी बसते.”

हातोडी थांबली. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि त्याला सगळं कळलं. नाही म्हणता आलं असतं. पण मानी माणूस, फळीवरचं एक छोटं तबक काढलं, गुडघ्यात धरलं, छिन्नी टेकवली. पहिल्या अक्षराचं वळण अर्ध्यापर्यंत सुरेख आलं. मग छिन्नी घसरली. त्याने पुन्हा टेकवली. पुन्हा घसरली... तिसऱ्या वेळी त्याने छिन्नी खाली ठेवली आणि दोन्ही हात काखांत दडपून बसला.

“ठोकताना लपतं,” तो म्हणाला. “हातोडी जड असते, तिच्या वजनात हात कापतोय ते कुणाला कळत नाही.”

“कधीपासून?”

“तीन महिने. शैमाचंही असंच सुरू झालेलं. वहीतलं अक्षर बिघडलं म्हणून आईने मारलं होतं तिला. मी बघत होतो.” तो थांबला. “तुम्ही त्या दिवशी लिंबाचं सांगितलंत ना... मी इतका खूश झालो. म्हटलं, बस्स. मोजलंच नाही, तर मी बराच आहे.”

“तुम्ही बरे नाही आहात. तुम्ही फक्त मोजलेले नाही आहात.” नहलाचा आवाज चढला. राग आला होता तिला, खराखुरा. “शैमाची चार वर्षं ढोलात गेली. तुमची लाजेत घालवणार?”

“लाज नाही. भीती,” तो म्हणाला. “आणि तुम्हीही गप्प राहिलात त्या दिवशी.”

“राहिले. घाबरले होते. खोटं कशाला सांगू?”

“आणि आज?”

“आजही घाबरलेय. पण बरणी घेऊन आलेय.”

भट्टीतला निखारा तडतडला. बासेमने काखेतून हात काढले, थरथरत होते तसेच पुढे केले, आणि बरणी घेतली. हंगामाच्या भरात दुसऱ्या दिवशी त्याचं दुकान बंद दिसलं, तेव्हा आळीतल्या लोकांना वाटलं घरात कुणी गेलं. दोघं-तिघं तर सांत्वनाला जाऊन आले.

यंत्राने आकडा दिला तेव्हा नहला एकटीच होती. दोनशे बारा. तिने पुन्हा नमुना लावला. दोनशे नऊ. तिसऱ्यांदा लावला... मग खुर्चीवर बसली आणि हातमोजे न काढताच रडली. मोजणाऱ्यालाही रडू येतं, फक्त ते वहीत लिहायला रकाना नसतो.

नंतरच्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांच्या दिव्याखाली कडं दिसलं, बारीक, तपकिरी-सोनेरी. लुत्फीसर म्हणाले, “यकृत अजून धड आहे. उशीर झालाय, पण फार नाही. मी सांगतो त्याला.”

“मी सांगते,” नहला म्हणाली.

बासेम केंद्राच्या अंगणात अंजिराच्या झाडाखाली बाकावर बसला होता. पाऊस थांबून ऊन पडलं होतं. रमजानला आठ दिवस होते. ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

“दोनशे बारा,” ती म्हणाली.

“लिंबू?”

“नाही. या वेळी सगळं तुमचंच.”

त्याने मान हलवली. तिने सरळ, एकेक करून सांगितलं: गोळ्या जन्मभर, एक दिवस चुकवायचा नाही. पहिले काही आठवडे थरथर वाढेलसुद्धा, घाबरायचं नाही. मग महिन्यामहिन्याने कमी होत जाईल. कदाचित वर्षभरात पुन्हा कोरता येईल. कदाचित आधीसारखं नाही. पण शैमासारखं होणार नाही.

“बरं झालं कळलं,” तो म्हणाला. “तर मग... तुमच्या घरी येण्याचं मी बोललो होतो, ते विसरून जा. तुमचे वडील विचारतील, मुलगा कसा आहे. काय सांगायचं त्यांना? मी तुम्हाला अडकवणार नाही.”

“मी माझं रक्त दिलंय,” नहला म्हणाली.

“कशाला?”

“हाच दोष माझ्यात आहे का बघायला. माझ्यात नसला, तर मुलांना हे दुखणं होत नाही.”

मुलांना. शब्द तोंडातून निघून गेला होता, आता तो परत कसा घेणार? ती कानापर्यंत लाल झाली. बासेम तिच्याकडे बघतच राहिला. कुणासाठी बाही वर केली असेल पोरीने, हे त्याला आता कुठे उमगत होतं.

“मग? काय आलं?”

“अजून काहीच आलेलं नाही. नऊ दिवस आहेत.”

“ठीक आहे,” तो सावकाश म्हणाला. “मग नऊ दिवसांनी बोलू.”

“नाही.”

सात वर्षांत नहलाने आकडा आल्याशिवाय एका कागदावर सही केली नव्हती. त्यासाठी सगळे तिला चिडवायचे. पण आज तिला थांबायचं नव्हतं.

“या शुक्रवारी या,” ती म्हणाली. “रमजानआधीचा शेवटचा आहे. रिपोर्ट येईल तेव्हा येईल. चांगला आला तर उत्तमच. वाईट आला तर पोरांना लहानपणीच तपासू, वेळेत गोळ्या देऊ, ती म्हातारी होतील. घरातच तांबं मोजणारी आई असेल त्यांची.” ती थांबली. “तुम्ही विचारलं होतंत, दार उघडेन का. उघडेन. त्या दिवशी बोलता आलं नाही, आज सांगतेय.”

बासेमने तोंड फिरवलं. बराच वेळ तो अंजिराच्या बुंध्याकडे बघत होता, आणि नहलाने त्याला बघू दिलं.

“माझे हात थरथरतील,” अखेर तो म्हणाला. “तुमच्या वडिलांसमोर. पेला सांडेल.”

“माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा मागणी घालायला आला होता, तेव्हा त्याने सरबताचा अख्खा ट्रे आईच्या मांडीवर उलटा केला. त्याच्या अंगात तर कणभर तांबं जास्त नव्हतं.”

तो हसला. आधी नुसताच श्वास, मग खरं हसू. काखेत दडपलेला हात त्याने बाहेर काढला आणि दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेत बाकावर ठेवला. अंगणात माणसं येत-जात होती, वरच्या खिडकीत लुत्फीसरांचा चष्मा चमकत होता. नहलाने इकडेतिकडे न बघता आपला हात त्या हातावर ठेवला. थरथर थांबली नाही. थांबेल असं तिला वाटलंही नव्हतं.

“पहिली गोळी उद्या सकाळी,” ती म्हणाली. “उपाशीपोटी. जेवण तासाभराने.”

“आणि विसरलो तर?”

“विसरून तर बघ.”

तिने त्याला पहिल्यांदाच अरे-तुरे केलं होतं. ते दोघांच्याही लक्षात आलं, आणि कुणीच ते दुरुस्त केलं नाही.